ड्रायव्हरच्या बाजूचं दार

काचेची कुठलीही वस्तू हातात आली की बाई ती आधी उजेडाकडे धरायच्या. पेला, चष्मा, रिकामी बाटली. मग काय ते ठरवायच्या.

अंगावर धातूचं काही घालायच्या नाहीत. साडीला टाचणीसुद्धा नाही.

फोटो काढताना कुणी "हसा" म्हणालं की त्या श्वास रोखायच्या. म्हणून प्रत्येक फोटोत त्या दचकलेल्या दिसतात.

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघायच्या. एक खांदा वर असला तर हाताने खाली करायच्या. ओळख असो वा नसो. एकदा बँकेतल्या मॅनेजरचाही केला होता.

चहा सगळा बशीत ओतायच्या, निवला की पुन्हा कपात ओतून प्यायच्या.

जेवायला बसण्याआधी समोरची खुर्ची थोडी बाहेर ओढून ठेवायच्या. जेवण झाल्यावर आत सरकवायच्या.

आता या सवयी कुणाच्याच नाहीत.

बाई हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. सगळी नोकरी तळमजल्यावरच्या एका खोलीत गेली. खोलीला खिडकी नव्हती. आत एक उभी पाटी, एक टेबल, शिशाचा एप्रन आणि कोपऱ्यात काचेमागे बाई. "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. रोखा. सोडा." दिवसभर हेच. हॉस्पिटलात त्यांचं नाव पडलं रोखाबाई. शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे तेच म्हणायचे. त्यांच्या तोंडावर कुणाच्या जिभेवरून निसटलं तरी त्या रागवायच्या नाहीत.

"नाव ठेवणाऱ्यांनी निदान कामावरून ठेवलं," त्या म्हणायच्या. "त्या रक्त काढणाऱ्याला काय म्हणतात माहितीये? डास."

पेशंट शर्टाची बटणं लावत बाहेर यायचा आणि विचारायचा, "बाई, काय दिसतंय?"

उत्तर ठरलेलं होतं. "रिपोर्ट डॉक्टर देतील."

नियमच तसा होता. काढणाऱ्याने काढायचं, वाचणाऱ्याने वाचायचं. पण आयुष्यभर काढल्यावर डोळे मिटून थोडंच घेता येतं? बाईंना दिसायचं. त्यातल्या त्यात त्यांनी एक पळवाट काढली होती. सगळं स्वच्छ असलं की त्या नियम मोडायच्या. पेशंटच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "जा, पळा." लोक खरंच पळायचे. एक आजोबा तर काठी विसरून गेले होते. ही गोष्ट बाईंनी घरी जेवताना सांगितली होती, आणि धाकट्याला हसता हसता ठसका लागला होता.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. पोस्टात टपाल निवडायचं काम करायचा. दोघं एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायची. दोघांचीही लग्नं राहून गेली. कुणी खोदून विचारलं तर धाकटा म्हणायचा, "ताईचं झालं की करणार होतो," आणि बाई म्हणायच्या, "याचं एकदा उरकलं की माझं." विषय तिथेच मिटायचा. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवायची. तो दरवाजातूनच विचारायचा, "काय ताई, आज किती पळाले?"

धाकट्याने उमेद होती तेव्हा एक जुनी गाडी घेतली होती. गडद निळी. घराला लागून शटरची एक अरुंद खोली होती, तिथे ती जेमतेम मावायची. तो ती फारशी चालवायचा नाही. पुसायचा मात्र रोज. सकाळी दाढीच्या आधी पिवळं फडकं घेऊन उभा राहायचा आणि गोल गोल हात फिरवायचा. ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात, पूर्ण फेरी, पुन्हा ड्रायव्हरचं दार. बाई जवळ आल्या की म्हणायचा, "ताई, लांबून. तुझ्या हाताला औषधाचा वास असतो." बाई म्हणायच्या, "बायको असती तर तिलाही असंच पुसलं असतंस." तो म्हणायचा, "बायको रोज इतका वेळ उभी राहिली असती का?"

मग त्याला खोकला लागला. साधा वाटला. जाईना. एका शनिवारी बाईंनी त्याला हॉस्पिटलात नेलं आणि एक्स-रे स्वतः काढला. "हनुवटी वर करा," त्या सवयीने म्हणाल्या. "खांदे पुढे घ्या." ताई आपल्याला अहो-जाहो करते आहे याचं धाकट्याला हसू फुटलं. पहिला एक्स-रे हलला. दुसरा काढावा लागला. दुसरा नीट आला.

काचेमागे बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

धाकटा बटणं लावत बाहेर आला. "काय दिसतंय, ताई?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील," बाई म्हणाल्या.

डॉक्टर सोमवारी येणार होते. शनिवार आणि रविवार दोघांनी एका घरात काढले. धाकट्याने पुन्हा विचारलं नाही. दोन्ही दिवस तो गाडीपाशीच होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शटरची खोली दिसते. बाई भांडी घासताना बघत होत्या. तो पाठमोरा उभा होता, हात फिरत होता. जेवायला बोलावलं की तो यायचा, जेवायचा, मीठ मागायचा, आणि पुन्हा जायचा.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं. वर्ष उलटायच्या आत धाकटा गेला. त्या वर्षात दोघं औषधांबद्दल बोलली, उशांबद्दल बोलली, पंखा कमी करायचा की वाढवायचा याबद्दल बोलली. त्या शनिवारबद्दल बोलली नाहीत.

तो गेल्यावर बाई निवृत्त झाल्या. गाडीवर त्यांनी एक जुनी चादर टाकली. स्वतःला चालवता येत नव्हती. येणारा-जाणारा सांगायचा, "विकून टाका हो, गंजून जाईल." बाई "बघू" म्हणायच्या. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने विचारलं. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, रिक्षाने धक्के बसायचे. त्या कारणाला बाईंना नाही म्हणता आलं नाही. पुढच्या रविवारी तो गाडी न्यायला येणार, असं ठरलं.

चादर काढली तेव्हा गाडी राखेच्या रंगाची झाली होती. बाईंनी ती धुतली. तरी निळा रंग काही वर येईना.

"अशी नाही द्यायची," त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या. एकट्या राहायला लागल्यापासून त्या स्वतःशी मोठ्याने बोलायच्या. धाकटा असता तर त्याने गाडी अशी कुणाच्या हातात दिली नसती, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यांनी गल्लीतल्या रंगाऱ्याला बोलावलं. गॅरेजमध्ये गाड्यांचे ठोकलेले पत्रे रंगवणारा माणूस. अंगावर सगळे रंग. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, बॉनेटवर मोबाईलचा उजेड धरला आणि बाईंना खुणेने बोलावलं.

उजेडाभोवती बारीक बारीक ओरखड्यांची वर्तुळं चमकत होती. एकात एक, शेकड्यांनी. कोळ्याने अख्ख्या गाडीवर जाळं विणावं तशी.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"माया," रंगारी म्हणाला. "रोज सकाळी कोरड्या फडक्याने केलेली. धूळ तशीच, वरून फडकं. गोल गोल. तुमच्या भावाने गाडीला जेवढं जपलं तेवढं खरवडलं."

"जाईल?"

"मशीन मारलं की जाईल. रंगाचा वरचा पातळ थर निघतो, त्याच्याबरोबर हेही निघतं. गॅरेजला लावा, दोन दिवसांत देतो."

"मी घरी करीन. मशीन दे."

"बाई, मशीन कधी चालवलंय का?"

"तुझ्या गॅरेजएवढं मशीन चालवलंय. आणि खांदा खाली कर. कायम वर असतो तुझा."

रंगाऱ्याने खांदा खाली केला आणि संध्याकाळी मशीन आणून दिलं. धरायला मूठ, पुढे गोल फिरणारा स्पंज. सोबत पॉलिशची बाटली, कागदी चिकटपट्टी, मऊ फडकी. त्याने सांगितलं, "स्पंजावर चार थेंब घाला. मशीन आधी पत्र्याला टेकवा, मग चालू करा. उलटं केलंत तर भिंत रंगेल. एका जागी थांबू नका, पत्रा तापला तर रंग जाईल. कडांना पट्टी लावा, तिथे रंग पातळ असतो. आणि काम झालं की मशीन ठेवताना स्पंज वर. खाली ठेवलात तर खडा चिकटेल, आणि तो खडा गाडीभर फिरेल."

बाईंनी सगळं ऐकलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडी खोचून जुना एप्रन घातला आणि मशीन आधी चालू केलं.

भिंत रंगली. शटर रंगलं. बाईंच्या चष्म्यावर, केसांत, नाकाच्या शेंड्यावर पांढरे ठिपके उडाले. आवाजाने वरच्या मजल्यावरची मुलगी धावत खाली आली. वाचनालयात कामाला होती, पुस्तकं देण्या-घेण्याचं काम. बाई तिला नुसतं 'वरची' म्हणायच्या.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. भिंतीला पॉलिश केलं."

वरचीला हसू आवरेना. मग बाईही हसल्या. धाकटा गेल्यापासून त्या घरातून हसण्याचा आवाज वरपर्यंत आला नव्हता.

बाईंनी चष्मा पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा घातला. बॉनेटच्या मधोमध एक उभी पट्टी चिकटवली. एक बाजू आधी करून बघायची, म्हणजे फरक कळतो, असंही रंगाऱ्याने सांगितलं होतं. या वेळी मशीन आधी टेकवलं, मग चालू केलं. सावकाश, आडवं, मग उभं. हाताला मुंग्या येत होत्या. बाई ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होत्या. वरचीने कान दिला. "श्वास घ्या. रोखा." मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईपर्यंत बाई खरंच श्वास रोखून होत्या. चेहरा लाल झाला होता.

"मावशी, सोडा! गाडीचा एक्स-रे नाही काढायचाय!"

बाईंनी श्वास सोडला, मशीन बंद केलं, आणि मागे सरून स्टुलावर बसल्या. मधूनमधून त्या हल्ली अशा बसायच्या. डावा हात दाबायच्या.

"डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

"एक्स-रे काढ म्हणतील. कोण काढणार? माझ्या जागी ती नवी आली आहे, तिचे सगळे हललेले येतात."

मग त्यांनी फडकं घेतलं आणि पॉलिश पुसलं. पट्टीच्या एका बाजूला निळा रंग इतका खोल झाला की बुडी मारावी. त्यात बाईंचा चेहरा दिसत होता, मागचा दिवा दिसत होता. दुसऱ्या बाजूला तीच जुनी वर्तुळं.

"अगं बाई!" वरची म्हणाली. "नवीच झाली की."

 बाई एकदा या बाजूला बघत होत्या, एकदा त्या. मग वर्तुळांच्या बाजूवर त्यांनी तळहात ठेवला. ताप बघावा तसा.

"चांगलं आहे," थोड्या वेळाने म्हणाल्या. पट्टी काढली आणि दुसरी बाजूही केली.

त्यानंतरच्या दिवसांत त्या थोडं थोडं करत गेल्या. सकाळी एक भाग, दुपारी एक. मशीन चालू असलं की घरात कुणीतरी गुणगुणत असल्यासारखं वाटायचं. बंद केलं की घर आधीपेक्षा जास्त गप्प व्हायचं. म्हणून त्या चहा प्यायलाही फार थांबायच्या नाहीत.

प्रत्येक भागाला हात लावण्याआधी त्या शटर अर्धं ओढायच्या आणि विजेरीच्या उजेडात तो भाग नीट बघायच्या. रंगाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. ही सवय त्यांची. बघितलं, की मग पुसायचं. छताच्या मध्यावर एक पट्टा स्वच्छ निघाला. एकही वर्तुळ नाही. धाकटा ठेंगणा होता, तिथवर त्याचा हात पोचत नसे. "बुटक्या," बाई छताला म्हणाल्या. डिकीवर वर्तुळं मोठी, सैल होती. तिथे पोचेपर्यंत त्याला कंटाळा येत असणार, दाढी राहिलेली असायची. बाईंच्या बाजूच्या दारावर, काचेखाली, कोपराएवढा भाग गुळगुळीत झाला होता. तो बाईंनीच झिजवला होता, खिडकीत हात टेकून. तेवढ्या जागेलाही त्याने वर्तुळांनी वळसा घातला होता. ती जागा पुसायला बाईंना जिवावर आलं. पण पुसली.

वरची संध्याकाळी कामावरून आली की पायरीवर बसायची. बाई तिला हॉस्पिटलातल्या गमती सांगायच्या. कुणाच्या बायकोने रात्री गिळलेली चावी सकाळी एक्स-रेमध्ये कशी दिसली, कुठल्या कुलपाची ते नवऱ्याने कसं ओळखलं. गाडीबद्दल बोलायच्या नाहीत.

शनिवारी फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार राहिलं होतं.

वरचीला सुट्टी होती. ती दुपारी खाली आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं. बाई दारासमोर उकिडव्या बसल्या होत्या. विजेरी हातात. मशीन स्टुलावर, स्पंज वर. त्या बराच वेळ तशाच बसल्या असाव्यात, कारण उठता येईना म्हणून त्यांनी वरचीपुढे हात केला. पण उठल्या नाहीतच. तिचा हात धरून तशाच बसून राहिल्या.

दारावर काचेच्या खाली, छातीच्या उंचीवर, वर्तुळं दाटली होती. एकावर एक, त्यावर आणखी. मधे निळा रंग उरलाच नव्हता. तेवढाच भाग पांढरट झाला होता, श्वास सोडल्यावर काच होते तसा.

"काय दिसतंय, मावशी?" वरचीने विचारलं.

"रिपोर्ट," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

विजेरी त्यांनी बंद केली. पुन्हा लावली.

"शनिवार-रविवार दिसतोय," त्या म्हणाल्या. "तो दोन दिवस इथेच उभा होता. मला वाटायचं गाडी पुसतोय. फेरी मारली नाही त्याने. हे एकच दार पुसत होता."

वरचीला काही कळलं नाही. तेव्हा बाईंनी तिला पहिल्यापासून सांगितलं. खोकला, हललेला पहिला एक्स-रे, नीट आलेला दुसरा. धाकट्याने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं.

"नियमच होता ना तुमचा," वरची म्हणाली.

"नियम होता. पण चांगलं असलं की मी 'पळा' म्हणायचे. जेवताना मीच त्याला सांगितलं होतं ना. रोज विचारायचा, आज किती पळाले." बाईंचा आवाज साधाच होता, किराणा सांगावा तसा. "मला वाटलं, मी सांगितलं नाही. सोमवारपर्यंत त्याला झोप लागू दे म्हटलं. आणि तो तिथेच समजला गं, बटणं लावतानाच. मग दोन दिवस न समजल्यासारखा जेवला. मीठ कमी आहे म्हणाला. मला बोलावं लागू नये म्हणून इथे येऊन उभा राहिला."

  वरचीने बाईंचा खांदा वर गेलेला बघितला आणि हाताने खाली केला.

बाईंनी तिच्याकडे नवलाने बघितलं. "शिकलीस," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. कागदी चिकटपट्टी घेऊन त्यांनी दाराच्या बरोबर मधोमध उभी चिकटवली. पुढची बाजू केली. मशीन सावकाश फिरत होतं. या वेळी त्यांनी श्वास रोखला नाही. पॉलिश पुसल्यावर पट्टीच्या पुढे दार आरशासारखं झालं, आणि पट्टीच्या मागे तो पांढरट धुरकट भाग.

"उरलेलं सकाळी," बाई म्हणाल्या. "बेकरीवाला यायच्या आत. तूही ये. चहा करते."

"खरंच पुसणार?"

"अर्धं दार कसं देऊ त्याला? लोक हसतील." मग थांबून म्हणाल्या, "सकाळी बघते."

सकाळी वरची खाली आली तेव्हा शटर पूर्ण वर होतं. बाई स्टुलावर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकून, तोंड दाराकडे. अंगावर एप्रन होता. आत ओट्यावर दोन बशांमध्ये चहा निवत ठेवला होता. वरचीने दोनदा हाक मारली. मग जवळ जाऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून जमिनीवर बसली. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय. फार त्रास झाला नसावा.

बेकरीवाला ठरल्या वेळी आला आणि फाटकातच थांबला. गाडी त्याने पुढे बऱ्याच दिवसांनी नेली, बायको बाळंत झाल्यावर. नेताना त्याने वरचीला विचारलं, पट्टी काढू का. ती म्हणाली, तुमची गाडी आहे. त्याने पट्टीच्या टोकाला नख लावलं आणि मग हात खिशात घातला.

रंगारी त्याआधीच मशीन न्यायला आला होता. मशीन जमिनीवर होतं, स्पंज वर, सांगितल्याप्रमाणे. स्पंजावर पॉलिश होतं. दाराच्या न केलेल्या बाजूवर, दाटलेल्या वर्तुळांच्या मधोमध, पॉलिशचे चार ठिपके उमटून वाळले होते. मशीन तिथे एकदा टेकवून उचललेलं होतं. चालू केलेलं नव्हतं.